भाजलेली माती

मुकादम बाईंचं नाव आधी घेतो. हमिदा मुकादम. नेरळजवळच्या कळंबला शाळेत आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. तीन वर्षांत मला एकदाही 'शाब्बास' म्हणाल्या नाहीत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं. मी पोचलो, पुढे वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालो, तो त्यांच्या लाल शाईच्या आणि त्यांनी स्वतःच्या कपाटातून काढून दिलेल्या पुस्तकांच्या जोरावर. त्यांचे माझ्यावर आहेत तितके उपकार कुणाचेच नाहीत. आणि त्या मला जितकं लागेल असं बोलल्या, तितकं एखादा वैरीही बोलला नसेल. या दोन गोष्टी वेगळ्या नव्हेत, हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

तो उन्हाळा आज पुन्हा दारात आहे. आमच्या गावात, पोशीरला, सकाळपासून राब पेटलेत. ज्यांनी आमच्याकडची भातशेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या वाफ्यात भाताची रोपं काढायची तो आम्ही आधी भाजून घेतो. खाली शेण, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळे, त्यावर डोंगरातून झाडून आणलेला वाळका पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. पेटवायचा वाऱ्याच्या उलट बाजूनं. दिवसभरात खालची जमीन भाकरीसारखी भाजून निघते. राखेचं खत होतं हे खरं, पण मुख्य काम वेगळं आहे. जमिनीत दडलेलं तणाचं बी मरतं. आमचं बी टाकण्याआधी आम्ही दुसऱ्या सगळ्यांचं बी मारून घेतो. हे सरळ वैर आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

कळंबच्या रिसॉर्टांत शनिवार-रविवार घालवायला आलेले पाहुणे गाडी थांबवून या धुराचे फोटो काढतात. त्यांना तो वास आवडतो. मी तो आला की खिडकी लावून घेतो.

आमच्याकडचा उन्हाळा मला कधी आवडलाच नाही. खालापूरच्या बाजूला एखाद्या उतारावर चैत्रात जाऊन बघा. पावसाळ्यात ज्यांना बघून लोक वेडे होतात, ते हेच डोंगर. आता गवत जळून काळं पडलेलं असतं. न जळलेल्या गवताची कुसळं मोज्यांतून आत शिरतात आणि रात्री झोपेतही टोचतात. खाजकुइलीच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं हलतात, त्यांची लव उडून मानेवर बसते, आणि मग माणूस मोठा शिकलेला असो की अडाणी, दोन्ही हातांनी खाजवत सुटतो. दगड तळव्याला पोळतो. करवंदीच्या जाळीला हात घातला तर काटा आधी मिळतो, करवंद नंतर. सावली शोधायला जावं तर ऐनाच्या फांद्यांना एक पान नसतं. अशा डोंगरात काही जिवंत असेल यावर विश्वास ठेवायचा तर तो डोळे मिटूनच ठेवावा लागतो. मला तो ठेवता आला नाही, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

त्या वर्षी मी एका सल्लागाराच्या कचेरीत नोकरीला होतो. एका कारखान्याला खालापूर तालुक्यातला एक उतार हिरवा करून द्यायचा होता. गावात त्याला उभा दांड म्हणतात. रस्ते दोन होते. एक, दांडाला कुंपण घालायचं, गुरं, कुऱ्हाड आणि वणवा लांब ठेवायचा आणि डोंगराला त्याचं तो वाढू द्यायचं. दुसरा, जेसीबीनं खड्डे मारायचे, रोपवाटिकेतली रोपं आणून लावायची आणि प्रत्येकाशेजारी एक पाटी रोवायची. कारखान्याला दुसरा रस्ता आवडत होता, कारण कुंपणाचा फोटो काढून कुणी छापत नाही. तरी एक अट होती. मातीत स्वतःचं बी आहे का, हे आधी तपासायचं. असेल तर खड्डे नकोत. तपासायचं काम माझ्याकडे आलं.

कोरड्या डोंगरांतली माती म्हणजे न उघडलेलं गाठोडं असतं. वर काही दिसत नाही. आत गवताचं बी असतं, वेलींचं असतं, काही झुडपांचं असतं, थोडं झाडांचं. सगळी बीजं थांबत नाहीत. काही झाडांचं बी एक पावसाळाही वाट बघत नाही, पडलं आणि रुजलं नाही की संपलं. काही मात्र टणक कवचात वर्षानुवर्षं पडून राहतात. गाठोड्यात काय आहे ते बघायची पद्धत अगदी साधी आहे. वरची बोटभर माती आणायची, पसरट ट्रेमध्ये पातळ पसरायची, सावलीत ठेवून रोज पाणी द्यायचं आणि काय उगवतं ते मोजायचं. काहीही पेरायचं नाही.

चैत्र लागताच मी दांडावरून बारा ट्रे भरतील एवढी माती आणली आणि पोशीरला आमच्या परसात, पडवीच्या सावलीत मांडली. आई कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"ह्यात काय पेरनार हाईस रं?"

"काही नाही."

"मंग मातीला न्हाऊ कशाला घालतोस?"

मी हसलो. सांगता आलं असतं. पण हे सगळं मी इंग्रजीत पाठ केलं होतं, आणि आईला सांगायचं तर ते आधी मला नीट कळलेलं असायला हवं होतं. म्हटलं, "तुला नाही कळायचं. मला दहा दिवस खालापूरला राहायचंय. रोज पाणी शिंपड आणि लक्ष ठेव."

"ठेवते की. तुज्या मातीला काय बी व्हनार नाय."

दहा दिवस मी दांडावर दोरी आणि खुंट्या घेऊन खाजवत फिरलो. परत आलो तेव्हा ट्रे ओळीत, स्वच्छ, ओले. पुढचे सहा आठवडे मी रोज सकाळी वाकून बघत होतो. दोन ट्रेमध्ये टाकळ्याची थोडी रोपं आली. टाकळा रस्त्याच्या कडेलाही येतो, त्याला मी हिशेबात धरलं नाही. बाकी काही नाही. मातीनं माझ्याकडे पाठ फिरवली होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नाही. चैत्रातला तो डोंगर बघून मला जे वाटलं होतं तेच ती सांगत होती. अहवालात मी लिहिलं, 'मृदेत नैसर्गिक पुनरुज्जीवनाची क्षमता आढळली नाही.' कचेरीतल्या साहेबांनी पाठ थोपटली. "एकदम क्लीन रिपोर्ट, भोईर. कुठं शंकाच नाही."

शंका नव्हती हीच खरी शंका होती, पण ती यायला मुकादम बाई लागतात.

बाई आता निवृत्त होऊन नेरळला राहतात. माझ्या नावाचा पहिला अहवाल म्हणून त्याची एक प्रत आणि पेढ्यांचा पुडा घेऊन मी गेलो. त्यांनी पुडा बाजूला सरकवला, चष्मा लावला आणि सवयीनं लाल पेन हातात घेतलं. पंखा फिरत होता. पानं उलटत होती. पेन कुठंच टेकलं नाही, याचा मला आनंद होत होता.

"भोईर, हा डोंगर कुठला म्हणालास?"

"खालापूरकडचा, बाई."

"म्हणजे रायगड जिल्ह्यातलाच."

"हो."

"चंद्रावरचा नाही."

बाईंनी पुन्हा पहिलं पान काढलं.

"बारा ट्रे. सहा आठवडे. रोज पाणी. आणि गवताची एक काडी नाही. अरे, माझ्या मोरीच्या फटीत गवत उगवतं. तुझ्याकडे आला तो फक्त टाकळा. टाकळ्याच्या बीचं कवच कसं असतं?"

"टणक."

"त्याला उष्णता लागली तर?"

"कवच तडकतं. रुजायला सोपं जातं."

"आणि तीच उष्णता गवताच्या बीला लागली तर?"

उत्तर मला येत होतं. राबात आम्ही दरवर्षी तेच करतो.

"ही डोंगरावरची माती नाही, तव्यावरची आहे. कुणी भाजली?"

"कुणी नाही, बाई."

"मग तिला ताप आला असेल. आणि तोडलेल्या झाडांचे खुंट मोजलेस? डोंगरातलं निम्मं जंगल मातीत नसतं, जुन्या मुळांत असतं. पावसात खुंटाला फुटवा येतो, तो मोजलास?"

"नाही."

तेव्हा कुठं लाल पेन टेकलं. पहिल्या पानावरून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी एकेक तिरपी रेघ ओढली. "जा, शोधून काढ. पेढे घेऊन जा."

घरी आलो. आई अंगणात सूप घेऊन बसली होती. विचारलं, "आई, माझी माती कुणी भाजली का गं?"

"मीच भाजली की." तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. "आठव्या दिशी बगते तं नुसतं तन. बारीक बारीक, हिरवंगार. म्हनलं पोरगा यील, बगंल, म्हनंल आईनं लक्ष नाय ठेवलं. मंग पत्र्यावर घेतली, चुलीवर चांगली भाजली, चाळली, परत भरली. कळलं तरी का तुला?"

आठ दिवसांत डोंगर माझ्या परसात हिरवा झाला होता, आणि तो बघितला फक्त आईनं.

मी तिला एकच शब्द बोललो. अडाणी.

तिनं सूप खाली ठेवलं. "व्हय. अडानीच हाय मी. म्हनून तं तुला शिकिवला." आणि उठून आत गेली. पुढे तीन दिवस माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं असायचं, आणि ती शेतावर गेलेली असायची.

कचेरीत साहेबांनी ऐकून घेतलं, मग खुर्ची मागे रेलली. "म्हणजे मी कंपनीला लिहू, की आमच्या माणसाच्या आईनं सॅम्पल चुलीवर भाजलं? अरे बाबा, मशीन बुक झालंय, सोमवारपासून लागतंय. विसर ते."

वैतागून मी पुन्हा नेरळ गाठलं. कुणीतरी माझी बाजू घ्यावी असं वाटत होतं. सगळं सांगितलं, आईला काय बोललो तेही सांगितलं, आणि ते सांगताना बाई मान डोलावतील अशी माझी समजूत होती.

"माती कशाला आणलीस ते त्यांना सांगितलं होतंस?"

"नाही. त्यांना कळलं नसतं."

"आठवीत तुला पेशी कळत नव्हती. मी तुला अडाणी म्हणाले होते?"

"गाढव म्हणाला होतात."

"गाढवाला शिकवता येतं, म्हणून म्हणाले. अडाणी म्हणणाऱ्यानं शिकवायचं सोडलेलं असतं." त्यांनी दाराकडे बोट केलं. "तुझ्या त्या रिकाम्या डोंगरापेक्षा हे वाईट आहे. बाहेर हो. आधी आईला कळेल असं सांग, मग त्यांना घेऊन दांडावर जा. तोवर मला तोंड दाखवू नकोस. लिहिण्यासारखं काही झालं तर पत्र लिही."

त्या दुपारी नेरळच्या रस्त्यावर, वितळलेल्या डांबराला चपला चिकटत असताना, मला सगळ्यांचा राग आला होता. बाईंचा, साहेबांचा, आईचा, उन्हाचा. जगात एवढी माणसं आपल्याविरुद्ध असतात तेव्हा चूक बहुधा आपली असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याचाही राग आला असता.

या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. दांडाच्या खालच्या अर्ध्या भागात खड्डे आहेत. रोपांच्या वाळक्या काड्या हिरव्या जाळीत उभ्या आहेत, पाट्यांवरची नावं उन्हानं पुसली आहेत. तरी दर पावसाळ्यात कुठं ना कुठं नवा फलक लागतो, नवे खड्डे होतात, कडक इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं ओळीनं उभी राहून एका रोपाला सहा हात लावतात. ज्या मातीला विचारायचं तिला कुणी विचारत नाही. मला त्या फोटोंचा तिटकारा आहे, आणि त्या तिटकाऱ्याची सुरुवात माझ्याच अहवालापासून होते, हे मी विसरत नाही.

वरच्या अर्ध्या भागाला नुसतं कुंपण पडलं. तिथं जंगल उभं राहिलंय असं मी म्हणणार नाही. खुंटांना आलेला फुटवा कुठं गुडघ्याला, कुठं कंबरेला लागतो. बकऱ्या कुंपणाखालून शिरतात. यंदा वणवा कोपऱ्यापर्यंत येऊन थांबला, पुढच्या वर्षी थांबेलच असं नाही. एवढंच आहे. पण ते जे आहे ते डोंगराचं स्वतःचं आहे.

बाईंना मी त्या श्रावणात पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी तेच पत्र परत आलं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईत दुरुस्त केलेल्या, सोबत एक शब्द नाही. म्हणून ते आज माझ्याकडे आहे. पाकिटात कागदांखेरीज आणखी एक वस्तू होती. ती मात्र त्यांनी ठेवून घेतली. ते पत्र, चुका सुधारून, इथं उतरवतो.

पोशीर, श्रावण

आदरणीय मुकादम बाईंना नमस्कार.

लिहिण्यासारखं झालं तर लिही, असं म्हणाला होतात. झालं की नाही ते तुम्हीच ठरवा.

आईला सांगितलं. ती भाताचं बियाणं उन्हात पसरत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, "दांडाच्या पोटात कुणीही न पेरता काय पेरलेलं आहे, ते मला बघायचं होतं." ती म्हणाली, "म्हंजी तन." मी म्हटलं, "हो, तणच." हात न थांबवता ती म्हणाली, "मला तनच बगायचं हाय, असं म्हनला असतास तं मी कशाला भाजली असती? आन्‌ तन बगायला तुला पगार देत्यात?" तीन दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, आणि बोलली ते माझी टिंगल करायला. मला फार बरं वाटलं.

कचेरीला लेखी दिलं. त्यात लिहिलं आहे, 'नमुन्यांची माती माझ्या घरी भाजली गेली. ज्यांनी भाजली त्यांना मी काम समजावून सांगितलं नव्हतं. दोष माझा आहे. अहवाल मागे घेत आहे.' साहेबांनी ते कचेरीत मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळे हसले. एक प्रत मी थेट कारखान्याला पाठवली होती. कागद आला म्हटल्यावर त्यांना काम थांबवावं लागलं, पण तोवर खालच्या अर्ध्या दांडावर खड्डे मारून झाले होते. ते मला थांबवता आले नाहीत. माझी नोकरी गेली.

आषाढात आईला घेऊन दांडावर गेलो. चार खुंट्यांना दोरी बांधून चौकट केली आणि आत जे उगवलंय ते उपटायचं नाही, फक्त नाव सांगायचं, असं तिला बजावलं. शेतात तण बेणायला बसते तशी ती उकिडवी बसली. हात सारखा पुढे जात होता. "हात शिवशिवतो रं," म्हणाली. मी तिच्या हातात छत्री दिली, म्हणजे तो अडकून राहील.

बाई, तुम्ही वर्गात सांगायचात की पहिली दोन पानं फसवी असतात, खरं पान तिसरं, आणि नुसत्या पहिल्या दोन पानांवरून ओळखणारा माणूस भेटला तर मी त्याला शास्त्रज्ञ म्हणेन. मी वही उघडून तिसऱ्या पानाची वाट बघत होतो. आई न थांबता सांगत सुटली. कुरडू. केना. आघाडा. भुईआवळी. हा लव्हाळा, ह्याचं काय मूळ संपत नाय. हा पळस, बांधावर येतो. हा कुडा. मी विचारलं, एवढंसं असताना कसं ओळखतेस? म्हणाली, "वैऱ्याला ल्हानपनीच वळखावं लागतं. मोठा झाल्यावं कोन बी वळखंल."

प्रत्येक चौकटीतले आकडे आणि खुंटांची यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे. ओळखणाऱ्याच्या रकान्यात 'श्रीमती यमुनाबाई भोईर, पोशीर' असं लिहिलं आहे. याच कागदाची प्रत कारखान्याला पाठवली, तिच्यातही तेच नाव आहे.

तिची माफी मागितली. म्हणाली, "माज्यापाशी नको. बाईस्नी लिव." म्हणून लिहितो. मी माझ्या आईला अडाणी म्हणालो. ते चूक होतं.

शेवटची गोष्ट. वरच्या अंगाच्या एका चौकटीत ती अडली. एका रोपाकडे बघत बसली, वाकून वास घेतला, पान बोटांत धरलं. "ह्ये मला येत नाय," म्हणाली. "आमच्या शेतात ह्ये कंदी आलंच नाय." मला तुम्ही शिकवल्याप्रमाणे, खात्री नसताना नाव सांगवेना. तिथं तशी आणखी बरीच होती, म्हणून एक घ्यायला मी हो म्हटलं. तिनं ते मुळासकट, ओल्या मातीसकट काढलं आणि घरी येईपर्यंत पदरात धरून आणलं. रद्दीत दाबून वाळवलं आहे. सोबत पाठवतो.

आयुष्यभर तिनं जे जे उपटलं ते बांधापलीकडे फेकलं. हे पहिलंच, जे तिनं जपून आणलं. त्याचं नाव काय, असं तुम्हाला विचारायला तिनं सांगितलं आहे.

तुमचा विद्यार्थी,
दिनेश भोईर